मोकळ्या हातांची इल्का

कोरल टेबट कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायची. मग ती कपबशी असो, वाढदिवसाचं कार्ड असो नाहीतर पोर्क पायचं पाकीट असो. आमच्या रॅन्स्बी गावात मेथडिस्ट चर्चचा हॉल आहे, त्याच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो. टेबलं मी मांडतो, चहाचं पाणी मी तापत ठेवतो. पंचवीस वर्षांत कोरलने माझ्या हातचा चहा हुंगल्याशिवाय प्यायल्याचं मला आठवत नाही.

ती गावातल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. वय पन्नाशीच्या पुढे, केस आखूड कापलेले, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. हे भिंग ती चर्चमध्येही काढत नसे. लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलं. त्याविषयी ती एवढंच म्हणायची की पहिलं वर्ष चांगलं होतं, पुढचे भाग काढायला नको होते.

तिचं सगळं आयुष्य एका सिनेमाभोवती फिरत होतं. ‘नववा कंदील’. अंतराळात दिव्यांची नऊ ठाणी, त्यांतलं नववं विझतं आणि इल्का नावाची वैमानिक मोडकं जहाज घेऊन तो दिवा लावायला निघते, अशी गोष्ट. कोरल बारा वर्षांची असताना तो लागला. त्यातल्या पात्रांच्या चार इंची प्लास्टिकच्या बाहुल्या आमच्याच गावच्या कारखान्यात बनायच्या. बाजारातले लोक त्यांना फिगर म्हणतात, बाहुली म्हटलेलं त्यांना खपत नाही. कारखाना केव्हाच बंद पडला. त्या जागी आता गालिच्यांचं गोदाम आहे.

कोरलच्या संशयाची सुरुवातही एका बाहुलीपासूनच झाली. खाऊच्या पाकिटावरची कुपनं जमवून पाठवली की शिरस्त्राणाची काच वर-खाली होणारा पहारेकरी घरी येईल, अशी जाहिरात होती. तिने सहा महिने नाश्त्याला दुसरं काही खाल्लं नाही. पहारेकरी आला, पण त्याची काच चिकटवलेली होती. आईने समजूत घातली, अगं, काच निघून कुणाच्या घशात अडकेल म्हणून केलं असेल. कोरल म्हणाली, मग चित्रात का उघडी दाखवली? या प्रश्नाचं उत्तर तिला कुणीच दिलं नाही, आणि तेव्हापासून चित्र दाखवणाऱ्या प्रत्येकाकडे ती डोळे बारीक करूनच बघू लागली.

कोऱ्या, न उघडलेल्या पाकिटातल्या बाहुलीवर तिचा विश्वास सगळ्यात कमी. ती म्हणायची, चाळीस वर्षं कुणी हात लावला नाही म्हणजे एक तर मालकाला खेळणं आवडत नव्हतं, नाहीतर पाकीट परवाचं आहे. नाक झिजलेली, पाय ढिला झालेली बाहुली तिला खरी वाटे. बाजारात कुणी महागाचं काही आणलं की ते आधी कोरलच्या टेबलावर जाई. ती वास घ्यायची, सांधे हलवून बघायची, पायाच्या मागे कोरलेलं साल वाचायची, हातातलं इवलंसं हत्यार पाण्याच्या वाडग्यात टाकून तरंगतं का ते बघायची. जुन्या कारखान्याचं प्लास्टिक तरंगायचं, नकली बहुधा बुडायचं. लोक मागून तिला जकातनाका म्हणत. पण तिने खरं म्हटलं की ते खरं धरत.

सिनेमाच्या पुढच्या भागांवर ती बोलू लागली की चहा गार व्हायचा. पहिला भाग करणाऱ्यांना आपण काय करतोय ते माहीत नसतं, म्हणून ते जपून करतात, असं तिचं मत. दुसरा करणाऱ्यांना लोकांना काय आवडलं ते कळलेलं असतं, म्हणून ते लोकांना फसवतात. तिसरा करणारे स्वतःलाच फसवतात. तिचा खरा राग इल्कापायी होता. पहिल्या भागात जी बाई एकटी जहाज चालवते, तिला दुसऱ्या भागात खुर्चीला बांधून ठेवलंय आणि नायक तिला सोडवायला येतो. तिसऱ्यात तर ती पडद्यावर न येताच मरते. दुसऱ्या भागाची एकही बाहुली कोरलने घरात येऊ दिली नाही. आमचं चार पानी पत्रक निघतं, त्यात तीस वर्षं ती हेच वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आली. कुणीतरी, कुठेतरी, इल्काला दुसऱ्या भागातही जहाज चालवताना कल्पिलं असणार आणि वरच्यांनी ते दाबलं असणार, हा तिचा आवडता तर्क. पुरावा मात्र काडीचाही नव्हता.

तिच्या विरुद्ध बाजूला नेव्हिल ब्लाडन. हा दातांच्या कवळ्या बनवायचा. जाडा, आनंदी माणूस. त्याला सगळेच भाग आवडायचे. दुसऱ्या भागातल्या बांधलेल्या इल्का त्याच्याकडे चौदा होत्या. या बाहुलीच्या दोन्ही मनगटांवर पिवळा दोर रंगवलेला असतो, पण दोन मनगटं एकमेकांना जोडलेली नसतात. नेव्हिलचं म्हणणं, तिने दोर तोडलाय, हा सुटकेनंतरचा क्षण आहे. कोरल म्हणायची, हा कारखान्याचा आळस आहे. एकदा तिने वीस लोकांदेखत त्याच्या यंत्रमानवाचा हात नकली ठरवला होता. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी फक्त हवापाण्याचंच बोलायचा.

मार्चमधल्या एका रविवारी निळा कोट घातलेली, काठी टेकत चालणारी एक म्हातारी हॉलच्या दारात आली. तिचं नाव आयरिस हॅलम, वय एक्याऐंशी. तिने मला विचारलं, कोरल टेबट कुठे बसतात? मी बोट दाखवलं. तिने पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून रुमालाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीतून एक बाहुली.

ती इल्का होती. दुसऱ्या भागातली, करड्या पोशाखातली, कापलेल्या केसांची. पण मनगटांवर दोर नव्हता. उजव्या मुठीत काडीएवढा काळा दांडा होता, जहाज वळवायचा.

टेबलाभोवती बघता बघता माणसं गोळा झाली. कोरलची तपासणी पाऊण तास चालली. वास घेतला, सांधे हलवले, साल वाचलं, दांडा पाण्यात सोडला. तरंगला. मग बाहुली खोक्यात ठेवून तिच्यावर जांभळ्या दिव्याचा उजेड टाकला; नवा रंग असता तर चमकला असता, चमकला नाही. डोळ्यांवरचे कुंचल्याचे फटकारे ती भिंगातून इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता ही रडणार की काय.

“ही कुठून आणलीत?” तिने विचारलं.

“आणली कुठून? मीच रंगवलीय,” आयरिस म्हणाली. “कारखान्यात. आधी अशीच होती ती, मग बदलली.”

“आणि माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पत्रकात असतं की, पोरी.”

कोरलचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. महिनाभर ठेवून घेते, तपासते, एवढंच ती म्हणाली. आयरिसने मान डोलावली, एक चहा घेतला आणि निघून गेली.

संध्याकाळी टेबलं दुमडताना कोरल मला म्हणाली, “मॅल्कम, हा कपडा माझ्या मापाने शिवलाय.”

मला आधी कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. ही बाहुली कुणा अनोळखी माणसाला विकायला केलेली नाही. तीस वर्षं मी जे लिहिलं, ते कुणीतरी बसून वाचलंय, मला नक्की काय हवंय ते ओळखलंय आणि तेच माझ्यापुढे आणून ठेवलंय. मी हिला खरी म्हटलं की उद्या कुणीतरी उठून सांगणार, ही आम्ही गेल्या आठवड्यात केली. मग माझ्या शब्दाला कोण विचारणार?

असं कोण करेल, असं मी विचारलं. बारीक काम कुणाला येतं, साचे कुणाला पाडता येतात, माझ्यावर राग कुणाचा आहे आणि नेमका आजच बाजाराला कोण आला नाही, एवढं तिने मोजून दाखवलं. नेव्हिल त्या आठवड्यात बहिणीकडे स्केग्नेसला गेला होता. कवळ्या बनवणाऱ्याचे हात ते. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी ती आयरिसकडे गेली. मला साक्षीदार म्हणून नेलं. गावाच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी छोट्या घरांची एक वसाहत आहे, तिथे आयरिस राहायची. खोलीत दोन खुर्च्या, एक टीव्ही, खिडकीत जिरेनियमची कुंडी. तिने बशीत बिस्किटं काढली. कोरलने बिस्किट उलटं करून बघितलं आणि न खाता बशीत ठेवलं.

आयरिसने सगळं न अडखळता सांगितलं. ती तिसऱ्या बाकावर बसायची. डोळे रंगवायचं काम, दिवसाला अकराशे जोड्या. दुसऱ्या सिनेमाची चित्रं लंडनहून आधी आली, त्यांवरून साचा झाला. त्यात ही बाई जहाज चालवत होती. शेकडो बाहुल्या रंगवून झाल्या. मग एका सोमवारी मुकादम हातात पत्र घेऊन आला आणि म्हणाला, सिनेमात हिला बांधलंय. साचा बदलायला वेळ नव्हता. दांडे काढा, मुठीतलं भोक बुजवा आणि मनगटांवर पिवळा दोर रंगवा. तीन आठवडे बाकावरच्या अकरा बायकांनी फक्त दोर रंगवले.

“दुसऱ्या दिवशी डॉट नावाची एक होती आमच्यात, ती म्हणाली, मी नाही हिला बांधणार. मुकादमाने तिला खोकी भरायला पाठवलं,” आयरिस म्हणाली. “मी काही बोलले नाही. घरी पोरं होती. एक बाहुली तेवढी एप्रनच्या खिशात टाकली.”

“चाळीस वर्षं कुणाला दाखवली नाहीत?”

“चोरीच होती ना ती. आता कोण पकडणार मला?”

मला हसू आलं. कोरलला आलं नाही, कारण तेवढ्यात तिला खुर्चीशेजारच्या टोपलीत आमच्या पत्रकांची चळत दिसली होती. चांगली दोन वर्षांची, तारखेनुसार लावलेली. आयरिस बाजाराची सभासद नाही, आणि पत्रक फक्त सभासदांना मिळतं. हा नियम कोरलनेच करून घेतला होता, कारण आपली मतं कुणी चोरील अशी तिला भीती वाटायची.

ती पत्रकं तिथे कशी आली ते मला माहीत होतं. छापून उरलेल्या प्रती मी टाकून द्यायच्या असतात. टाकवत नाहीत म्हणून मी त्या वसाहतीच्या बैठकीच्या खोलीत जुन्या मासिकांबरोबर ठेवून यायचो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. पण नियम मोडणारा मीच, आणि समोर कोरल. मी बिस्किट खात राहिलो.

बाहेर पडल्यावर कोरल म्हणाली, “फार तयार उत्तरं होती. आणि माझं सगळं लिखाण पाठ. बघितलंस ना?”

बघितलं, मी म्हणालो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती नेव्हिलच्या कामाच्या जागी गेली. पुढचं मला नंतर नेव्हिलने सांगितलं आणि कोरलने नाकारलं नाही, म्हणून खरं धरतो. तो मेणाचे दात बसवत होता. तिने बाहुली त्याच्यापुढे ठेवली आणि सरळ विचारलं, ही तू केलीस का? त्याने चष्मा वर करून बघितलं. काय आरोप आहे ते समजायला त्याला थोडा वेळ लागला.

“कोरल, मला अशी करता आली असती तर मी माझ्या बाजूची केली असती,” तो म्हणाला. “मी चौदा वर्षांचा असल्यापासून तू मला सांगतेयस की माझा सिनेमा कचरा आहे. तुझं म्हणणं खरं ठरवायला मी रात्री जागवीन?”

घरी जाईपर्यंत तिने यावरही उत्तर शोधून काढलं: इतकं चोख उत्तर माणसाला आयत्या वेळी सुचत नाही.

एप्रिलच्या बाजारात आयरिस आली. नेव्हिलही होता, भिंतीशी उभा. कोरलने बाहुली रुमालावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “माझ्या मते ही त्या काळातली नाही. कुणीतरी अलीकडे तयार केलीय. कुणी, ते मी म्हणत नाही.”

आयरिसने बाहुली रुमालात गुंडाळली, डबा बंद केला.

“बरं, पोरी,” ती म्हणाली. “मी काही विकायला आणली नव्हती. तू लिहायचीस ना, कुणीतरी तिला मोकळं ठेवलेलं असणार म्हणून. ते वाचून वाटलं, तुला दाखवावी.”

आणि काठी टेकत गेली. मी दार धरायला धावलो. ती मला थँक्यू म्हणाली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

बाजार आटोपल्यावर स्वयंपाकघरात कोरल कप विसळत होती. मी तिला पत्रकांचं सांगितलं. किती वर्षं, कुठे, कशी ठेवत आलो, सगळं. मला वाटलं, किल्ल्या काढून घेईल. तिने नळ बंद केला.

“शनिवारी का नाही बोललास?”

“तुझी भीती वाटली.”

ती बराच वेळ कप पुसत राहिली. कोरडा झालेला कपही पुसत राहिली. मग म्हणाली, म्हणजे ती पत्रकं तिच्याकडे सरळ मार्गाने आली होती. सरळ नाही, माझ्या मार्गाने, मी म्हणालो. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. पण किल्ल्या मागितल्या नाहीत. पुढचे दोन-तीन दिवस, असं ती मला नंतर म्हणाली, तिच्या डोक्यातून ती डॉट जात नव्हती. मी नाही हिला बांधणार, म्हणणारी. खोटं रचणारा माणूस असल्या बाईला गोष्टीची नायिका करेल, खोकी भरायला पाठवून विसरणार नाही. आणि आयरिसने स्वतःला तर त्या गोष्टीत गप्प बसलेलीच दाखवलं होतं.

आयरिसच्या बोलण्यातली एकच गोष्ट तपासता येण्यासारखी होती. मुठीतलं बुजवलेलं भोक. साचा बदलला नसेल, तर दुकानात विकल्या गेलेल्या प्रत्येक बांधलेल्या इल्काच्या मुठीत ते असायला हवं. पण ते बघायला दुसऱ्या भागाची बाहुली हवी, आणि ती कोरलने कधी घरात घेतली नव्हती.

मग नेव्हिलकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. तिने मला बरोबर यायला सांगितलं, या वेळी साक्षीदार म्हणून नव्हे. नेव्हिलने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

“काय हवंय?”

“तुझी इल्का बघायचीय.”

“कुठली?”

“तुला माहितेय कुठली.”

“नाव घे ना. दुसऱ्या भागातली, म्हण. इतकी वर्षं वाट बघतोय मी.”

“दुसऱ्या भागातली,” कोरल म्हणाली. “कृपा करून.”

तो बाजूला झाला. चौदा इल्का एका फळीवर रांगेत होत्या, चौदाही बांधलेल्या. कोरलने एक घेतली, खिडकीशी नेली, भिंग लावलं. उजव्या मुठीच्या वर पिवळ्या-गुलाबी रंगाचा थर किंचित फुगीर होता. तिने दुसरी घेतली. तिसरी. नवव्या बाहुलीपाशी ती थांबली आणि नेव्हिलला म्हणाली, “इथे बघ.”

नेव्हिलने आयुष्यात त्या मुठी भिंगातून बघितल्या नव्हत्या. दोराने बांधलेल्या हातांकडे कोण बघतं? त्याने बघितलं, मग आतून कवळ्यांच्या कामाची हत्यारं घेऊन आला. मी म्हणालो, अरे, खराब होईल. तो म्हणाला, तेरा उरतील. सुईसारख्या अवजाराने त्याने रंग खरवडला. खाली मेणासारखी गोळी होती, ती टोचून काढली. मुठीत आरपार भोक होतं, अगदी काडी जाईल एवढं. मग त्याने पिवळा दोरही पुसून काढला. त्याखाली मनगटं गुळगुळीत होती. दोर साच्यात कधीच नव्हता.

नेव्हिल खुर्चीत बसला. “म्हणजे तिने दोर तोडलेला नाही,” तो म्हणाला. “तो तिच्यावर नंतर काढलाय.” त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. कोरलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी एवढं कधी बघितलं नव्हतं.

पण ती कोरल होती. पायऱ्या उतरताना मला म्हणाली, आता तर हे आणखी सोपं झालं. कुणीही बाजारातली बांधलेली इल्का घ्यावी, दोर पुसावा, भोक मोकळं करावं, काडी बसवावी, झाली मोकळी इल्का. पाण्यात तरंगणारी काडी जुन्या हत्यारातून कापता येते. आयरिसची गोष्ट खरी आहे, हे कळलं. आयरिसची बाहुली खरी आहे, हे कळलं नाही.

“मग काय करणार?” मी विचारलं.

“माफी मागणार. ती बाईची मागायचीय, बाहुलीची नाही.”

आयरिसने तिला आत घेतलं, किटली ठेवली. कोरलने उभ्यानेच सांगितलं की मी चुकले, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, आणि मुठीतलं भोक मी बघितलं. आयरिस म्हणाली, बस आधी. मग तिने विचारलं की तुमच्या त्या सिनेमात नेमकं आहे तरी काय? कोरलला वाटलं थट्टा करतेय. पण आयरिसने तिन्हींपैकी एकही सिनेमा बघितला नव्हता. दिवसभर तेच डोळे रंगवल्यावर संध्याकाळी पुन्हा पैसे देऊन तेच तोंड कोण बघेल, असं तिचं म्हणणं. ज्या लेखांमध्ये कोरलने भागांची चिरफाड केली होती, ते ती गोष्ट समजून घ्यायला वाचायची.

पुढच्या बुधवारी दुपारी कोरल पहिला भाग घेऊन गेली. आयरिसला आवडला, फक्त पोशाखाचा रंग चुकलाय म्हणाली. आमचा नारिंगी चांगला होता. त्यापुढच्या बुधवारी तिने दुसरा मागितला. कोरलने बरीच कारणं सांगितली. आयरिस ऐकेना. आणि कोरलने तो सिनेमा जवळजवळ चार दशकांनी पुन्हा बघितला, एका म्हातारीच्या शेजारी बसून, मांडीवर बिस्किटांची बशी घेऊन.

इल्काला बांधतात त्या प्रसंगी कोरल खिडकीकडे बघत होती. आयरिसने तिच्या कोपराला हात लावला.

“थांबव. मागे घे जरा.”

नायक जहाजात शिरतो, इल्काच्या रिकाम्या जागेवर बसतो आणि काळा दांडा खेचतो. “हा बघ,” आयरिस म्हणाली, “हा आमच्याच बाकावर रंगवला जायचा. हा तिच्या हातातला आहे, याच्या नाही.”

कोरलने ते चार वेळा मागे घेऊन बघितलं. मला हे सांगताना तिने लगेच पुढे जोडलं, की दांड्याची नक्कल सिनेमात बघूनही कुणाला करता आली असती. पण हे सांगताना ती हसत होती.

मे महिन्याच्या पत्रकात तिने लेखाच्या जागी एवढ्याच ओळी छापायला दिल्या: “एप्रिलमध्ये मी मिसेस हॅलम यांच्यावर जाहीर संशय घेतला, तो चुकीचा होता. बाईंवर माझा विश्वास आहे. फिगरबद्दल मी अजून काही म्हणत नाही.” नेव्हिलने पुढच्या पानावर बुजवलेल्या मुठींबद्दल लिहिलं, आकृतीसकट. त्या महिन्यात पत्रकाच्या सगळ्या प्रती संपल्या, वसाहतीत ठेवायला माझ्याकडे एकही उरली नाही. आयरिसची प्रत कोरल स्वतः घेऊन गेली.

आयरिसने चष्मा लावून तीनदा वाचलं. ठीक लिहिलंयस, म्हणाली. बाहुली विकायची, कुणाला द्यायची की दाखवायला ठेवायची, हे कुणीच तिला विचारलं नाही आणि ती स्वतःहूनही काही बोलली नाही. डबा टीव्हीवर ठेवलेला होता.

“तिसरा कधी आणतेस?” तिने विचारलं.

कोरल म्हणाली, तिसरा बघण्यासारखा नाही, त्यात ती मेलेलीच आहे. आयरिस म्हणाली, ते मला बघू दे, तुझं ऐकून मी काही मानत नाही. दोघी त्यावर तासभर भांडल्या आणि तिसऱ्यासाठी पुढचा बुधवार ठरला.